नामदेवला पिशोरला पोचवायचं होतं

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं जे काम केलं ते म्हणजे एका लेंग्यात नाडी ओवली.

लेंगा नवा होता, गुलमंडीच्या बाजारातून आणलेला. दुसऱ्या दिवशी नामदेव तो घालून पिशोरला भावाच्या घरी आठ दिवस राहायला जाणार होता. त्याआधी एकोणीस वर्षं त्यानं वेड्यांच्या दवाखान्यात काढली आणि चार वर्षं आमच्याकडं. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. गया जिन्याच्या पायरीवर बसली होती. नाडीला सेफ्टी पिन लावून ती नेफ्यातून सरकवत होती, मी दुसरं टोक धरून उभा होतो. मधेच अडकली म्हणून मी हिसका दिला.

"वढू नका हो. तुम्हाला समदं वढूनच न्यायची सवय."

"मग तूच ओव."

तिनंच ओवली. अकराच्या सुमारास म्हणाली, छातीत जड वाटतंय. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत खेळ आटोपला होता. पाच वाजता मी अग्नी दिला.

या अंकाच्या संपादक बाईंनी मला सांगितलं, तुमच्या नोकरीचं लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. नोकरी म्हणजे एका लांबच्या शहरातल्या सरकारी मनोरुग्णालयात वॉर्डातला मामा. तिथं नोकरांना सगळे मामाच म्हणतात. निवृत्त होऊन इकडं आपल्या गावाकडं आलो आणि एका संस्थेनं आम्हा दोघांना शहागंजच्या मागच्या गल्लीतलं घर सांभाळायला दिलं. तिथं मी मामाच राहिलो आणि गयाला सगळे मावशी म्हणायला लागले. गल्लीतली पोरं विचारायची, मामाचं मावशीशी लगीन कसं झालं? गया म्हणायची, "याड्यांच्या घरात चालतंय."

आता ती नाडीची गोष्ट सांगतो. वॉर्डात लेंग्याला नाडी नसते. कुणी गळ्याला लावून घेईल म्हणून काढून टाकतात. त्यामुळं माणूस एका हातानं लेंगा धरून चालतो. जेवायला, संडासाला, साहेबापुढं, सगळीकडं एक हात कमरेला. काही वर्षं गेली की लेंगा घट्ट असला तरी हात तिथंच राहतो. आमच्या क्वार्टरच्या खिडकीतून गया हे रोज बघायची. शहागंजच्या घरात पहिली चार माणसं आली तेव्हा तिनं स्वयंपाकाच्या आधी नाड्या ओवल्या. मी म्हणालो, काही झालं तर माझ्या गळ्याशी येईल. ती म्हणाली, "नाडी काढून कुणी मरायचं थांबतंय व्हय? ते आतून मरत्यात."

वॉर्डाचं काम काय असतं ते मी सरळ सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही सेवा करायचो. आम्ही राखण करायचो. सकाळ-संध्याकाळ डोकी मोजायची. गोळ्या द्यायच्या आणि गिळल्या का ते बघायचं. माणूस गोळी गालात धरतो आणि नंतर थुंकतो. म्हणून प्रत्येकाला सांगायचं, आ कर, जीभ वर, डावा गाल, उजवा गाल. साठ माणसांची साठ तोंडं, दिवसातून दोनदा. त्यात माणूस दिसत नाही, तोंडच दिसतं. दात कुणाचे पडलेत, कुणाला फोड आलेत, मला सगळं ठाऊक असायचं. घरी कोण आहे ते ठाऊक नसायचं.

हात उचलला का? उचलला. खाटेला बांधलं का? बांधलं. नामदेवलाही बांधलं. पुढं शहागंजच्या घरात तो एकदा शेंगा फोडत बसला होता, तेव्हा मी विषय काढला. म्हणालो, नामदेव, तेव्हाचं मनात ठेवू नको. तो म्हणाला, "मामा, तुमची गाठ ढिली असायची. बाकीच्यांची काचायची." त्यानं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

एक माणूस आठ दिवस पोट धरून बसला होता. म्हणायचा, आत काहीतरी जळतंय. आम्ही म्हणायचो, नाटकं करतोय. तो आधी म्हणायचा की त्याच्या पोटात राजा राहतो, मग आताचं कोण खरं धरणार? नवव्या दिवशी तो गेला. पोटातलं आतडं फुटलं होतं. त्याचं नाव मला आठवतं, पण इथं लिहीत नाही.

मग वरून हुकूम यायला लागले. साहेब लोक म्हणाले, बरा झालेला माणूस आत ठेवायचा नाही, त्याला त्याच्या मुलखात, माणसांत ठेवायचं. बोलायला सोपं आहे. घरचे लोक दवाखान्याला पत्ताच खोटा देऊन गेलेले. काहींचा पत्ता खरा, पण त्या पत्त्यावर माणूस नको असलेला. म्हणून मधला मुक्काम म्हणजे आमचं घर. चार माणसं, आम्ही दोघं, एक चूल. कुलूप नाही. कुणी भाजी आणायची, कुणी भांडी घासायची. महिन्यातून एकदा डॉक्टर. आणि हळूहळू घरच्यांशी ओळख करून द्यायची, म्हणजे त्यांच्याच माणसाची त्यांना.

गल्लीत आधी बोंब झाली. लोक म्हणाले, आमच्या पोरीबाळी आहेत. कोपऱ्यावर रशीदभाईंचं चहाचं हॉटेल. एका गिऱ्हाइकानं त्यांना सांगितलं, या लोकांचे कप वेगळे ठेवा. रशीदभाई म्हणाले, "अलग कप नको बोलो मियाँ, मेरे कने अलग कप हैच नहीं. तुम घर से लेको आओ अपना." दुसऱ्या दिवशी ते गिऱ्हाईक त्याच कपात चहा पीत होतं. त्या एका माणसामुळं निम्मी गल्ली गप्प झाली.

उरलेली निम्मी मधुकररावांनी गप्प केली. मधुकरराव आमच्या चौघांतले एक, कोर्टातल्या कारकुनाच्या घराण्यातले, भाऊ सगळे इंजिनियर, परदेशात. अक्षर मोत्यासारखं. ते ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. रेशनकार्डाचा, नळाचा, तलाठ्याचा. एकदा एका बाईनं विचारलं, तुम्ही एवढे शिकलेले, इथं कसे? मधुकरराव म्हणाले, "बाई, मला आवाज ऐकू येतात. पण ते शुद्धलेखनात चुकत नाहीत." ती बाई हसली आणि पुढच्या आठवड्यात सासूचा अर्ज घेऊन आली.

नामदेव मात्र शेतकरी. पिशोरला मोठं खटलं. थोरला भाऊ साहेबराव, त्यांची बायको, पोरं. जमीन चांगली. विसाव्या वर्षी नामदेवचं डोकं बिघडलं, विहिरीत उडी मारली, लोकांवर धावून गेला. मग दवाखाना. पहिली दोन वर्षं भाऊ आले, मग आले नाहीत. मी त्यांना शिव्या देत होतो. गया म्हणायची, "शिव्या देऊन दार उघडंल का? आपण पाव्हणं म्हणून जाऊ."

हे तिचं तंत्र होतं, आणि मी आजवर कुठल्या साहेबाच्या तोंडून ते ऐकलं नाही. माणसाला घरी सोडायला न्यायचं नाही, पाहुणा म्हणून न्यायचं. पहिल्या खेपेला नुसता चहा. घरातली माणसं घड्याळाकडं बघायच्या आधी उठायचं. दुसऱ्या खेपेला थोडा जास्त वेळ. ते 'जेवून जा' म्हणेपर्यंत जेवायचं नाही, आणि पहिल्यांदा म्हणाले तरी नाही. ती म्हणायची, त्यांना आपली भीती वाटते ती आपण जाणार नाही याची. आपण जातो हे त्यांना चार वेळा दिसू द्या, मग ते स्वतःच थांबा म्हणतील.

चौथ्या खेपेला जेवायचं ठरलं. बाजाराचा दिवस होता. आम्ही पोचलो तर ओसरीवर दोन पाहुणे. साहेबरावांच्या पोरीसाठी बोलणी चालू होती, तिकडचे लोक बाजाराला आले ते न सांगता टेकले. साहेबराव कसनुसे झाले. पण म्हणाले, हा माझा धाकटा भाऊ, बाहेरगावी असतो. नामदेव पंगतीला बसला. पाहुण्यानं अद्रकीचा विषय काढला. नामदेवनं विचारलं, यंदा कंद सडला का? बेणं कुठलं होतं? दहा मिनिटं दोघं बोलले. वहिनी दाराआडून बघत होत्या. त्यांचा चेहरा मी बघितला. त्यांना जणू दीर नव्यानं मिळाला होता.

जेवणं झाली. मी खिशातून गोळी काढली, नामदेवच्या हातावर ठेवली, तांब्या दिला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आ कर. जीभ वर. डावा गाल. उजवा."

मी ठरवून नाही म्हणालो. तीस वर्षं तेच म्हणत होतो. आणि नामदेवनंही ठरवून नाही केलं. तो ताठ उभा राहिला, दोन्ही हात मागं घेतले, आ वासला, जीभ वर केली, डावीकडं दाखवलं, उजवीकडं दाखवलं. सगळ्या पंगतीसमोर.

पाहुणा म्हणाला, "काय दुखणं हाय म्हणायचं पाव्हण्याला?"

पोरीची बोलणी तिथंच थांबली. साहेबराव आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आले आणि हात जोडून म्हणाले, "मामा, उपकार झाले. पुन्हा आणू नगा."

एसटीत गया माझ्या शेजारी. नामदेव खिडकीशी. फुलंब्री आलं तेव्हा ती म्हणाली, "त्याला तर काढलं बाहेर. आता तुम्हाला कोण काढावं?"

त्यानंतर मी पिशोरला गेलो नाही. गया जायची. एकटी, दोन-तीन महिन्यांनी. नामदेवचं नाव काढायची नाही. वहिनींसोबत शेवया करायची, मिरच्या खुडायची, आपली आपली परत यायची. मी म्हणायचो, हे काय काम आहे? संस्थेच्या रजिस्टरात काय लिहू? ती म्हणायची, "लिवा, मिरच्या खुडल्या."

पोरीचं लग्न दुसरीकडं झालं, चांगल्या घरी. मग वहिनींच्या डोळ्याला मोतीबिंदू आला. शहरात ऑपरेशन करायचं तर उतरायचं कुठं? गया म्हणाली, माझ्याकडं. साहेबराव नको म्हणत होते. वहिनी आल्या. आल्या तेव्हा पदराआड बटवा घट्ट धरून बसल्या, चार वेड्यांच्या घरात. चार दिवस राहिल्या. डोळ्यात दर दोन तासांनी औषध घालायचं होतं. गयानं ते काम नामदेवला दिलं. तो घड्याळ बघून यायचा आणि म्हणायचा, "वैनी, वर बघा. हलू नगा." त्या वर बघायच्या. तिसऱ्या दिवशी मी ऐकलं, त्या त्याला ओरडत होत्या, "भावजी, पाच मिनटं उशीर झाला, कुठं उलथले होते?" गया स्वयंपाकघरात पदर तोंडात धरून हसत होती.

जाताना वहिनींनीच सांगितलं, पेरण्या झाल्या की भावजींना आठ दिवस घेऊन या. नीट राहिले तर मी ह्यांच्याशी बोलते. मग दिवस ठरला. मग लेंगा आणला.

आणि त्याच्या आदल्या दिवशी गया गेली.

मसणवट्यातून आलो तर संस्थेचे साहेब घरी थांबलेले. भला माणूस. डोळ्यात पाणी होतं. म्हणाले, "मामा, तुम्ही सावरा आधी. पण बाईमाणूस नसताना हे घर चालवायची आपल्याला परवानगी नाही. नवीन जोडपं मिळेपर्यंत चौघांना परत दवाखान्यात ठेवू. शुक्रवारी गाडी पाठवतो."

मी म्हणालो, "नामदेव उद्या पिशोरला चाललाय."

"उद्या? या परिस्थितीत? मामा, ते नंतर बघू."

आमच्या धंद्यात नंतर म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. माणूस आत गेला की त्याची फाइल खाली जाते, तिच्यावर दुसऱ्या फाइली बसतात. नामदेव त्या दारातून पुन्हा आत गेला असता तर माझ्या हयातीत बाहेर आला नसता. आणि पिशोरचे लोक म्हणाले असते, ती बाई होती तोवर ठीक होतं, आता कोण बघणार?

बाकीच्या तिघांचं इथंच सांगून टाकतो, म्हणजे कुणी विचारायला नको. शुक्रवारी गाडी आली. मधुकररावांनी गाडीत बसायच्या आधी अर्ज लिहिला होता. आम्ही तिघे स्वयंपाक करू शकतो, भाजी आणू शकतो, एकमेकांच्या गोळ्यांकडे लक्ष देऊ शकतो, तरी आम्हास येथेच राहू द्यावे. खाली तिघांच्या सह्या. एवढा चांगला अर्ज मी आयुष्यात बघितला नाही. साहेबांनी तो फाइलीला लावला. जोडपं अजून मिळालं नाही. मी महिन्यातून एकदा तिकडं भेटायला जातो. मधुकररावांचा एक हात कमरेला असतो.

आता त्या सकाळचं.

माझी थोरली बहीण, अक्का, आदल्या दिवशीच आली होती. मी पहाटे उठून टोपी घातली, तशी ती दारात आडवी झाली.

"कुठं निघाला?"

"पिशोरला. नामदेवला सोडून येतो."

"याड लागलं का तुला? काल अग्नी दिला तू. अग्नी देणारानं वेस वलांडायची नसती. लोक यायचेत बसायला."

"बसू दे त्यांना."

"पाप लागंल रं."

"लई लागलेत आधीची. त्यात एक."

ती रडायला लागली. मग आत गेली आणि नामदेवची पिशवी आणून माझ्या हातात दिली. म्हणाली, "कुणाच्या उंबऱ्याच्या आत जाऊ नको फक्त. तुझं सुतक त्यांना नको." मी बरं म्हणालो. फोन करावा असं मनात आलं होतं, पण केला नाही. फोन केला असता तर वहिनी म्हणाल्या असत्या, आत्ता नको, तेरावं होऊ द्या. तेराव्याला नामदेव कुठं असता?

पिशोरची गाडी निम्मी रिकामी होती. नामदेवनं तिरडीला खांदा दिला होता, त्याचा खांदा दुखत होता, तो सारखा चोळत होता. मग म्हणाला, "मामा, मावशी गेल्याचं त्यांना ठाव हाय?"

"नाय."

"मग कोण सांगणार?"

"मी घरात येऊ शकत नाय. मला सुतक हाय. तूच सांग."

तो खांदा चोळायचा थांबला. "माझं खरं धरतील का?"

मी म्हणालो, "जे झालं ते सांग. जास्त नको, कमी नको." माणूस एकटाच पिशवी घेऊन दारात उभा राहतो, बरोबर कुणी नाही, आणि म्हणतो, मला आणणारी बाई काल मेली. साहेबरावांना काय वाटेल? हा दवाखान्यातून पळून आला. पुन्हा सुरू झालं याचं. ते सरळ पोलिसांना फोन लावतील. हे सगळं मला एसटीत बसल्या बसल्या दिसत होतं. पण वळायला आता जागा नव्हती.

गावात उतरलो. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी नळ आहे, तिथं मी थांबलो. तिथून घर दिसतं. अंगणात पत्र्याखाली चूल आहे, तिच्यावर तवा होता आणि धूर निघत होता. गोळ्यांची पाकिटं मी त्याच्या खिशात घातली, पिशवी दिली. म्हणालो, "जा."

तो गेला. दारात जाऊन कडी वाजवली. साहेबराव बाहेर आले. आधी हसले, मग त्याच्या मागं बघायला लागले, डावीकडं, उजवीकडं. त्याला आणणारं माणूस शोधत होते. नामदेव बोलला. मला ऐकू येत नव्हतं. साहेबरावांनी मान हलवली, मग काहीतरी विचारलं. नामदेव पुन्हा बोलला. त्यानं आपल्या खांद्याला हात लावून दाखवला.

साहेबराव तसेच उभे राहिले. माझे पाय नळाच्या ओट्यावरून दोनदा खाली उतरले आणि दोनदा मी ते वर घेतले. जाऊन सांगायला फक्त पन्नास पावलं होती.

मग आतून वहिनी आल्या. पिठाचे हात. नामदेवनं तिसऱ्यांदा सांगितलं. आणि त्या बाईनं जो गळा काढला तो मला नळापाशी ऐकू आला. "अगं माझे मावशे, अगं मावशे गं." त्यांनी नामदेवच्या दंडाला धरलं होतं आणि त्याच्या छातीवर डोकं टेकवून रडत होत्या. तो सरळ उभा होता, एका हातानं त्यांची पाठ थोपटत.

साहेबरावांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली.

वहिनी अंगणात आल्या. तवा खाली उतरवला, त्याच्यावरची अर्धी भाजलेली भाकरी बाजूला ठेवली, जळती लाकडं चुलीतून मागं ओढली आणि त्यांवर पाणी ओतलं. आपलं माणूस गेल्यावर घरात करतात तसं.

साहेबरावांना मी दिसलो. ते अनवाणीच गल्लीतून यायला लागले. "मामा, अहो मामा, घरात तर चला. असं काय परक्यासारखं?"

"मला सुतक हाय," मी म्हणालो. "सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी. त्याची तो घेतो. बघत बसू नका."

आणि स्टँडकडं निघालो.